आप्पांची पद्मिनी: शेडमधल्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

गेल्या सोमवारी मुंबईत पद्मिनी टॅक्सी कायमची बंद झाली. शेवटची ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. टीव्हीवर लोक तिच्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढताना दाखवत होते. आई बघत होती. म्हणाली, "आपली अजून हाय की शेडात." चार वर्षांत तिनं गाडीचा विषय स्वतःहून काढला तो हा पहिल्यांदा.

आज ताडपत्री ओढली. प्रीमियर पद्मिनी, १९७९, फिकट निळी, तीन अक्षरांचा जुना नंबर. चारही टायर बसलेले. फ्लोअरवर वाळलेल्या गाळाचा थर, भेगा पडलेला. दारांच्या आतून सीटच्या उंचीवर एक सरळ तपकिरी रेघ आहे: २०१९ च्या ऑगस्टची. तेव्हा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट. आमचं घर कोल्हापुरात, नदीकडच्या पेठेत. पुढं नोव्हेंबरात आप्पा गेले आणि गाडी आहे तिथंच राहिली.

आप्पा जनावरांचे डॉक्टर. गाडीनं आम्हाला फिरवलं त्यापेक्षा गोठे जास्त बघितले. डिकीचं झाकण उघडलं तर आयोडीनचा वास अजून आहे. पुराच्या पाण्यानंही गेलेला नाही.

१९ नोव्हेंबर

मिस्त्री आले. आप्पांच्या गाडीचं काम पंचवीस वर्षं यांच्याकडं होतं. गॅरेज मुलाकडं सोपवलंय, गुडघे धरलेत, तरी निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी हजर. बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न: "पाणी उतरल्यावर कुणी सेल्फ मारला न्हाई न्हवं?"

नाही मारला. बॅटरीच आप्पांनी काढून ठेवलेली होती.

"मग बघू या."

पुलीच्या नटाला पाना लावून त्यांनी जोर दिला. जराही हललं नाही. त्यांनी लगेच सोडून दिलं. आणखी जोर लावायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पिस्टनची अडकलेली रिंग जोर लावल्यावर तुटते आणि तुटलेली रिंग सिलिंडर ओरबाडते. मी शाळेत विज्ञान शिकवते, मोटारीचं शिक्षण नाही, म्हणून ऐकलेलं सगळं या वहीत लिहून ठेवणार आहे.

२६ नोव्हेंबर

प्लग. एक, दोन आणि चार नंबरचे जवळजवळ हातानंच सुटले. आट्यांवर तेलाचा ओला थर होता. मिस्त्री प्लग उजेडाकडं धरून बराच वेळ बघत राहिले. पुरात बुडून चार वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे प्लग असे सुटत नाहीत, म्हणाले.

तीन नंबरचा मात्र जाम. पानाच घसरतो. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. लोखंडी प्लग ॲल्युमिनियममध्ये गंजून बसला की ओढताना हेडचे आटेच बाहेर येतात. सोडवणीचं तेल सोडून ठेवलं. बाकीच्या तिन्ही भोकांतून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) निम्मं निम्मं ओतलं.

खाली सम्पचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट उघडला. गाळमिश्रित दुधाळ ऑइल बादलीभर निघेल असं वाटलं होतं. चार थेंब पडले, तेही स्वच्छ. "ऑइल आधीच कुणीतरी सोडलंय, ताई." कुणी, ते मला ठाऊक नाही. दादाला पुण्याला फोन केला, त्यालाही माहीत नाही.

१० डिसेंबर

तीन नंबरचा प्लग निघाला. दोन आठवडे रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर थेंबभर तेल आणि लाकडी दांड्यानं हलके ठोके. आज मिस्त्रींनी हेडला बाहेरून गरम फडक्यानं शेकलं, प्लगला थंड पाणी लावलं, आणि पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं करत अर्ध्या तासात बाहेर काढला. आटे शाबूत.

२४ डिसेंबर

हेड काढलं. स्टडभोवती पांढरी भुकटी धरली होती, त्यामुळं आदल्या दोन रविवारी तेच काम चाललं होतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. हेडचा फेस मऊ असतो, एक खाच पडली तर गॅसकेट तिथंच फुटणार. लाकडी ठोकळा आणि हातोडी, आळीपाळीनं चारही कोपऱ्यांना.

उघडल्यावर एक, दोन आणि चार नंबरचे सिलिंडर तेलाखाली चकचकीत. तीन नंबरात लाल गंज आणि पिस्टन तिथंच चिकटलेला. चार सिलिंडर एकाच पाण्यात उभे होते. तिघांना काही झालं नाही आणि एकाला झालं, याचा अर्थ लागेना.

७ जानेवारी २०२४

इंजिन उतरवून ब्लॉक शिवाजी उद्यमनगरात नेला. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: इथं गल्लीगल्लीत लेथ, फौंड्री आणि बोअरिंगची मशिनं आहेत. ऊसवाल्यांच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेली माणसं आहेत ही. १०८९ सीसीचा हा ब्लॉक बघून तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं नंबर न वाचता "फियाट" म्हटलं. गाडी पद्मिनी झाली तरी यांच्या लेखी ती फियाटच, आणि ते खरंही आहे. इटलीतली ११०० कुर्ल्याला बनू लागली, नाव तेवढं पुढं बदललं.

मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ६८ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. डायलनं मापल्यावर कळलं की आधी एकदा बोअर झालाय, वीस नंबरला, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जास्त. तीन नंबरातले खड्डे चाळीसला निघून जातील असं कारागिराचं मत पडलं. एक बिघडला तरी बोअर चौघांचा करावा लागतो, नाहीतर पिस्टनची वजनं जुळत नाहीत. आता चाळीस नंबरचा पिस्टनसेट शोधायचा.

१४ जानेवारी

आईनं आप्पांची औषधांची पेटी माळ्यावरून काढायला लावली. संक्रांतीची साफसफाई म्हणून. ॲल्युमिनियमची पेटी, कडेला पोचे. ही कायम गाडीत पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी असायची. आई मागं बसायची, आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना.

पेटीत गाडीची वही होती. किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, ग्रीस, तारखेवार. आप्पांचं बारीक अक्षर. शेवटचं लिहिलेलं पान जसंच्या तसं उतरवते:

"१४ ऑगस्ट १९. पाणी उतरले. सम्प सोडला, आधी पाणी आले, मग ऑइल. प्लग १, २, ४ काढले. प्रत्येकी एक कप ऑइल ओतले, प्लग परत लावले. ३ निघत नाही. हाताला जोर नाही. उद्या पुन्हा बघणे."

त्यापुढं पान कोरं.

तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, मी आठ दिवस तिथंच. घरी आल्यावर त्यांनी मला काही सांगितलं नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "दोन दिवस शेडातच होते की. सम्पाचा नट शेजारच्या पोराकडनं सोडवून घेतला. चिखलात बसू नका म्हणून मी ओरडले तर म्हणाले, जनावर बुडून वर आलं की आधी त्याचा श्वास मोकळा करायचा असतो."

मिस्त्रींना फोनवर वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला एक हाक मारायची की डाक्टरसाहेबांनी."

४ फेब्रुवारी

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई. कुर्ल्याचा सीएसटी रोड. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या ज्या कारखान्यात ही गाडी बनली, तो याच कुर्ल्यात होता. आता कारखाना नाही, पण गाडीची हाडं अजून इथंच मिळतात. टॅक्सी मोडीत निघाल्यामुळं दुकानांपुढं पद्मिनीचे दरवाजे एकावर एक रचलेले, काळ्या-पिवळ्या रंगाचे. त्यांतल्या एका दाराच्या आतल्या बाजूला देवाचं स्टिकर अजून शाबूत होतं. मी ते दार घेतलं नाही.

मिळालं: चाळीस नंबरचा पिस्टनसेट रिंगांसकट, कागदातला, न वापरलेला, वॉटर पंप, चारही चाकांच्या ब्रेक सिलिंडरचे रबर किट, डाव्या मागच्या दिव्याची काच. मिळालं नाही: हँडगिअरच्या दांडीची बूश. ती उद्यमनगरात पितळेची करून घेऊ.

३ मार्च

पत्रा. हे काम सगळ्यात कष्टाचं आहे आणि बाहेरून दिसतही नाही.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. दारांखालून जाणारी पोकळ पत्र्याची पेटी, जिला आमचे डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात, तिच्यावर सगळ्या गाडीचा भार. पुराचा गाळ तिथंच शिरून बसला होता. उजव्या बाजूला बोटानं दाबलं तर बोट आत. कापायच्या आधी दारं लावून, दाराच्या चौकटीत आडवा अँगल वेल्ड केला आणि खाली चार ठिकाणी टेकू दिले. टेकू न देता कापलं असतं तर गाडी मधोमध वाकली असती आणि दारं पुन्हा कधीच बसली नसती. जुना पत्रा कापल्यावर आतून दीड पाटी माती निघाली, काळी, बारीक. पंचगंगेची. आईनं ती तुळशीच्या कुंडीत घातली.

नवा पत्रा १८ गेजचा. आतून रेड ऑक्साइडचे दोन हात, मग मेण आणि ऑइल एकत्र करून भोकांतून सोडलं. बॅटरीखालचा तवा, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर आणि डिकीचा एक कोपराही बदलला.

१७ मार्च

कुशनवाला येऊन गेला. पुढची अखंड सीट, तिच्या डाव्या भागात पेटीच्या चार कोपऱ्यांनी केलेले खड्डे. रेक्झिन मधोमध फाटलेलं होतं, ते आप्पांनी गायीच्या पोटाला टाके घालायच्या वाकड्या सुईनं आणि नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलंय. सलग शिलाई नाही. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाला वेगळी गाठ, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. मोजले, एकोणीस टाके. पुराच्या पाण्यातून एकही सुटला नाही.

कुशनवाला म्हणाला, सगळं काढून नवं घालतो, ओळखू येणार नाही. दोन रविवार विचार केला. फोम आणि स्प्रिंगा नव्या घालायच्या, मागची सीट नव्या रेक्झिनमध्ये, पुढचा वरचा तुकडा धुऊन तोच परत लावायचा, असं ठरवलं. दादाला पटत नाही. गाडी शोरूममधून आली तशी व्हावी असं त्याला वाटतं, आणि तसं वाटणंही चूक नाही. त्याला लहानपणीची गाडी आठवते, मला शेवटच्या वर्षांतली.

काचेवर पाणी उडवायची नळी म्हणजे सलाईनची नळी आहे, चिमटीसकट. तीही ठेवली.

१९ मे

आज जे सापडलं ते लिहावं की नाही असं वाटलं. लिहिते.

ब्रेकचं काम काढलं. चारही चाकांना ड्रम. डाव्या मागच्या चाकाकडं जाणारा पाइप वाटेतच दुमडून हातोडीनं चेपलेला होता. चाकाचा ब्रेक सिलिंडर गळायला लागला की रस्त्यावर तेल वाचवायला हे करतात. पाइप बंद केला की उरलेल्या चाकांना दाब मिळतो आणि घरापर्यंत येता येतं. घरापर्यंत यायला ठीक आहे. पण चेपलेल्या जागेवर रंगाचा थर होता, त्यावर ग्रीस, त्यावर धूळ. हे कित्येक वर्षांपूर्वीचं आहे.

वही चाळली. "डावे मागील बंद केले, गगनबावडा" एवढंच, १९९८ च्या पावसाळ्यात. उघडल्याची नोंद कुठंच नाही. म्हणजे करूळच्या घाटातून, रात्री-अपरात्री, कधीकधी आम्हाला घेऊनही, आप्पा तीन ब्रेकवर गाडी चालवत होते. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, मला हे कधी दाखवलं नाही त्यांनी. मला राग आला. अजून आहे. टाके ठेवता येतात, हे नाही.

सगळे पाइप नवे. ब्रेक सिलिंडर आतून घासून गुळगुळीत (होन) करून नवे रबर. तेल भरून हवा काढताना सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात: आधी मागची दोन, मग पुढची. आई पॅडल दाबायला बसली होती. "दाब", "धर", "सोड". तासभरात पॅडल वर येऊन कडक झालं.

२८ जुलै

पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. या आठवड्यात काम एकच: वाचवणं. गुरुवारी गल्लीतली सहा पोरं, दोर आणि ट्रॅक्टर लावून बिनइंजिनाची बॉडी वरच्या पेठेत ओळखीच्यांच्या अंगणात नेली. जुळणी अर्धी झालेलं इंजिन पोत्यात गुंडाळून गच्चीवर. क्रँकला तेल लावून घेतलं. शेडमध्ये पाणी घोटाभर आलं आणि थांबलं.

८ सप्टेंबर

रंग. पहिला हात मारायच्या आधी डिकीच्या झाकणाखाली, जिथं ऊन लागलेलं नाही, तिथला निळा जुळवून घेतला. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, कमीत कमी भरायची अशी डेंटरला अट घातली होती. पोचे आतून ठोकून काढले. दिवस लागले, पण लांबीची जाड थापी पुढं तडकते.

१२ ऑक्टोबर, दसरा

आईला सांगितलं होतं, दसऱ्याला बाहेर काढू. जमलं नाही. हेडचे नट मधून बाहेर, टॉर्क पान्यानं तीन टप्प्यांत आवळून झालेत, टॅपेट झालेत, पण कार्बोरेटर अजून ताटात सुटा पडलाय. आईनं जॅकवर उभ्या असलेल्या गाडीला झेंडूचा हार घातला, पान्यांच्या पेटीला हळदकुंकू लावलं.

१० नोव्हेंबर

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदाही. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात मऊ होऊन सुटं होतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी उभी राहणार असेल तर टाकीला गंज. टाकी आतून धुऊन, वाळवून लावली.

आधी प्लग काढून, कॉइलची वायर सोडून सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले, पॉइंटला ठिणगी बघितली आणि सुरू करायला गेलो. कार्बोरेटरमधून फाट करून जाळ आला. मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं, वायरी बघा. मी डिस्ट्रीब्युटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली होती. क्रम १-३-४-२. वहीत आप्पांनी पहिल्याच पानावर मोठ्या आकड्यांत लिहिलाय, मी तो पन्नास वेळा वाचलाय.

दुसऱ्यांदा चोक ओढून मारला. चार-पाच फेऱ्यांनी पकडलं, सुटलं, पुन्हा पकडलं. मग चालूच राहिलं. आधी सायलेन्सरमधून निळा धूर आला, नंतर पांढरी वाफ, नंतर काही नाही. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावली. तीन नंबरपाशी बराच वेळ थांबले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. हा आवाज तिला फाटकापासून ओळखू यायचा.

१ डिसेंबर

कागदपत्रं. थोडक्यात, कुणाला उपयोग व्हावा म्हणून. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती. हे वेळेत करायचं असतं. आम्ही केलं नव्हतं. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० चं ५००० रुपये झालं होतं, शिवाय पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. तपासणीला गाडी ट्रकवर चढवून नेली. निरीक्षकांनी चासी नंबर घासून बघितला, ब्रेक दाबून बघितले. पास.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी सात. पाणी, ऑइल, ब्रेकतेल बघितलं. फुलेवाडीवरून गगनबावडा रोडनं बालिंग्याच्या पुलापर्यंत जाऊन परत, एवढंच ठरलं होतं. नवा बोअर आहे, पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वर जायचं नाही.

मी ड्रायव्हरच्या सीटवर. मिस्त्री मोटारसायकलवरून मागं येणार होते. आई नवं लुगडं नेसून आली आणि मागचं दार उघडून बसली. म्हटलं, आई, पुढं ये की, जागा आहे.

"पुढं पेटी असती," ती म्हणाली. तिनंच क्षणभर पुढच्या सीटकडं बघितलं. उठली नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही.

बालिंग्याला पुलाच्या अलीकडं थांबलो. रस्त्याकडंच्या गोठ्यातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या काचेत वाकून आईला म्हणाले, "डाक्टर आलेत व्हय?" आईनं डोक्यावर पदर घेतला. म्हणाली, "लेक आलीय."

२३ किमी. तापमान मधे. पेट्रोल, वहीप्रमाणे लिहायचं तर, ५ लि. भरलं. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलपाशी ऑइलचा थेंब. वायपर उजव्या बाजूला अडतो. डावं मागचं चाक उतारावर ब्रेक लावला की कुरकुरतं. ब्रेकचे शू नवे आहेत म्हणून असेल, पण पुढच्या रविवारी ड्रम उघडून बघायचा.